पडद्यावरचं कुलूप

सोपान गेल्याची बातमी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि मी तिच्याखाली ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ असं टाकून मोकळा झालो. चष्मा नव्हता. फोटो होता, भोवती फुलं होती... दोन्ही वेळेला फुलं तीच असतात. खाली कुणीतरी लिहिलं, ‘तात्या, माणूस गेलाय.’ सोपानला हे फार आवडलं असतं. माझ्या फजितीवर सगळं गाव हसायचं, पण जीव लावून हसणारा तो एकटाच.

सोपान आमच्या कासार आंबोलीचा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि जत्रेतल्या नाटकाचे पडदे. त्यातला रस्त्याचा पडदा म्हणजे आमची आळीच होती. पिंपळ, पार आणि मधोमध माझ्या घराचं निळं दार, आईनं सारवलेल्या ओट्यासकट. त्या वर्षी नाटकात मी फौजदार होतो. ऐन रंगात वाक्य विसरलो, मागं वळलो, समोर आपलं दार दिसलं... आणि मी सरळ घरी निघालो. पडदा फाटला, बांबूसकट खाली आला आणि मागं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून विडी ओढत बसलेली नायिका, म्हणजे आमचा पोस्टमन, साऱ्या गावाला दिसली.

सोपाननं फाटल्या जागी ठिगळ लावलं आणि त्या दारावर भलंमोठं लोखंडी कुलूप रंगवलं. म्हणाला, “आता घुसून दाव, बाळ्या.” पुढं कितीतरी जत्रांत नाटकाआधी लोक त्या कुलपालाच हसून घ्यायचे. मीही हसायचो.

मग मी घर आणि रान विकलं, पुण्याच्या एका साहेबाला, शनिवार-रविवारच्या बंगल्यासाठी. सगळेच विकतात, असं मी सगळ्यांना सांगायचो. सगळेही मला तेच सांगायचे. महाळुंग्यात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला सोपान आला नाही. साहेबानं लगेच जेसीबी लावला. निदान ते दार मागून घ्यावं, एवढंही मला सुचलं नाही. नंतर, लिफ्टमध्ये मावलं नसतं, अशी स्वतःची समजूत घातली.

आता ते दार उरलं फक्त पडद्यावर. गावी गेलो की मी त्याच्या मागं लागायचो, “सोपाना, पूस की रे ते कुलूप. दार उघडं दाखव.”

“तवा मी लावलं व्हतं, गमतीनं,” तो ब्रश धूत म्हणायचा. “आता तू लावलंयस. मी कसं काडू?”

पुढं नाटक बंद पडलं, ऑर्केस्ट्रा आला, मागं मोठा स्क्रीन आला. सोपानला कुणी बोलवेना.

दहाव्याला गेलो. ‘थोर कलावंत’ म्हणून भाषणं झाली. मी वहिनींना, सोपानच्या बायकोला, पडद्याचं विचारलं.

“त्यो व्हय? पोरं घिऊन गेली, भावजी. नव्या सभामंडपाच्या सिमिटावर घातलाय.”

भाषणं झाली त्याच मंडपाच्या मागं पोत्यांवर आमची आळी पालथी पडली होती. मी ओढू लागलो तसा तिथला मुकादम म्हणाला, “काका, सिमेंट भिजंल ना.” नवी ताडपत्री आणून दिली, तेव्हा त्यानं हात लावू दिला.

घडी घालताना वहिनी म्हणाल्या, “जत्रा जवळ आली की उलगडून बसायचे. कुनी बलवत न्हवतं, तरी हात फिरवायचे. लई दिस त्या दारापाशीच.”

ते ऐकून मला वाटलं, उघडलं असेल त्यानं.

पडदा फ्लॅटच्या भिंतीला मोठा होतो. दार दिसेल एवढाच टांगलाय, बाकीचं गाव खाली गुंडाळून ठेवलंय. बायको म्हणते, सिमेंट गळतंय.

दार बंदच आहे. कुलूपही आहे तिथंच, फक्त त्यावर गंज चढलाय. खालच्या कडेला जुना, फिका. वर ताजा, तांबडा. वर्षागणिक सोपान रंगानं चढवत गेला असावा. मी नखानं खरवडून पाहिलं... निघाला नाही. पाट्यांचा पक्का रंग वापरायचा तो.