पात्रावांनी सांगितलेली किंमत

"गप ऱ्हवा. माका आयकांदे."

बंदूक हातात आली की पात्राव हे म्हणायचे आणि डोळे मिटायचे. मग घोडा ओढायचे, सोडायचे, नळीला कान लावायचे. बघणाऱ्याला वाटावं, डॉक्टर छाती तपासताहेत.

कट्टा गावात बसथांब्यामागे त्यांचं बंदुकांचं दुकान होतं. दुरुस्ती आणि रीतसर परवान्याने खरेदी-विक्री. आमच्याकडे ख्रिश्चन गृहस्थाला मानाने पात्राव म्हणतात, म्हणून आम्ही सगळे त्यांना पात्रावच म्हणायचो. आमच्याकडे माकडं आणि रानडुकरं शेतीचा कसा सत्यानाश करतात ते तुम्हीही पाहिलं असेल. त्यामुळे वाडीत परवान्याची एखादी बंदूक असतेच. जिल्ह्यात रेडीपासून तळेऱ्यापर्यंत कुठेही जुनी बंदूक विकायला निघाली की किंमत पात्रावांनीच सांगायची.

माणूस गरीब बिचारा वगैरे मुळीच नव्हता, हं. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि तोंड असं की विचारू नका. तळेऱ्याचा एक बागायतदार आजोबांची विलायती रायफल घेऊन आला. गाडीतून उतरता उतरताच लाखांच्या गोष्टी. पात्रावांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "नळी एकाची, चाप दुसऱ्याचो, लाकूड तुमच्याच बागेतला. हेच्यात विलायत खंय आसा?" बागायतदार लालबुंद. पात्रावांनी त्यालाच चहा पाजून वाटेला लावलं.

कुणाच्या घरी बंदूक बघायला गेले, तर किंमत सांगेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. "पोटात काय गेला की जीभ नरम पडता," म्हणायचे. मी त्यांना मोटारसायकलवरून गावोगाव न्यायचो. माझी पण उपासमार व्हायची.

माझ्या थोरल्या काकांकडे लिव्हरची अमेरिकन शिकारी रायफल होती. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर घेतली की पुढचं काडतूस चढतं, तसली. तरुणपणी त्यांनी ती आपल्या वाटणीची माडाची बाग देऊन घेतली. झालं! माझ्या वडलांना आणि धाकट्या काकांना जन्मभराचं खाद्य मिळालं. सणासुदीला पान वाढलं की, "बाग घालवन लोखंड आणल्यान," हे ठरलेलं. काका हसायचे. काकीला मात्र ते लागायचं.

काका वारले. परवाना त्यांच्या नावाचा, त्यामुळे बंदूक दुकानात जमा करायची होती. न्यायला पात्राव स्वतः आले. काकीला पैशांची पडली नव्हती. आपला नवरा मूर्ख नव्हता, एवढंच तिला दिरांच्या समोर ऐकायचं होतं. दोघे दीर पडवीत ठाण मांडून बसलेलेच होते.

काकीने बंदूक बाहेर आणली. चारचौघांत दाखवायची म्हणून तिने आदल्या दिवशी समई घासावी तशी ती चिंच, राख आणि काथ्याने घासून लख्ख केली होती. अरे देवा! जुन्या बंदुकीची किंमत तिच्या मूळच्या निळसर काळ्या झाकेत असते, एवढं पात्रावांच्या संगतीने मलाही कळत होतं.

पात्रावांनी बंदुकीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "वैनीनू, वायच पाणी द्या."

मी बघतच राहिलो. त्यांनी सावकाश तांब्या रिकामा केला, कडी एकदा खालीवर केली आणि दिरांकडे वळले.

"तुमच्या भावान ही जशी सांभाळल्यान, तशा बंदुकेची किंमत आज त्या बागेच्या दुप्पट आसा. माणूस शाणो होतो तुमचो."

धाकटे काका सुपारी कातरायचे थांबले. माझे वडील अंगणाकडे बघायला लागले. काकी ताठ उभी राहून एकेका दिराकडे बघत होती. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"मगे इकून टाकूया," धाकटे काका लगेच म्हणाले.

"इकूक कोणी सांगल्यान? वारस म्हणान वैनी परवान्याक अर्ज करतील. माकडां काय तुमच्या भावाबरोबर गेली?"

परत जाताना मी विचारलं, "आणि आत्ताची किंमत?"

"अर्धीय येवची नाय."

"म्हणजे चक्क खोटं बोललात!"

"खोटा कसला? परवापर्यंत तीच किंमत होती. तुझो काको असापर्यंत तीच होती. आणि काकीक सांगलंस तर बघ!"

काकीला वयाच्या सत्तरीत परवाना मिळाला. मी तोंडाला कुलूप लावलं.

यंदा पात्राव गेले. काकी माझ्याबरोबर चर्चमध्ये अंत्यदर्शनाला आली. दाराशी चपला काढल्या. नको म्हटलं तरी ऐकेना. आपल्या दारची अबोली तिने त्यांच्या पायांशी ठेवली.

परतताना रिक्षात म्हणाली, "मियां घासून बंदुकेची वाट लावलंय, ता माका तेच दिवशी कळला. बोट फिरवल्यानी आणि तेंचो चेरो उतारलो. दोन दिवस माका जेवण गेला नाय."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"काय बोलतलंय? तेनी माका सांभाळल्यानी, मियां तेंका."

कट्ट्याला दुकानाचं शटर खाली होतं. काकीने रिक्षातूनच हात जोडले आणि मला कोपराने ढोसलं.

"बघतंस काय? तूय जोड."