गेल्या सालची तूर

लातूरच्या बाजारात तुरीचं वय नुसत्या नजरेनं सांगणारा माणूस एकच आहे आणि तो आमचा घरमालक आहे. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा. आडतीच्या दुकानात कुणी मूठभर लाल तूर पुढे केली की ती उन्हात धरायची. मग ती कोणत्या शिवारातली, पोत्यात किती महिने होती, पावसानं भिजली का, हे सांगायचं. सवय बाजारापुरती राहिली नाही. लग्नाच्या पंगतीत ते वरणाची वाटी डोळ्यांजवळ नेऊन डाळ कोणत्या मिलची ते जाहीर करत, आणि तोवर वधूपित्याचा घास हातातच राहत असे.

गेल्या वर्षी त्यांना टीबी झाला. गोळ्या सुरू करताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. मी सोबत होतो. लघवी आणि डोळ्यांतलं पाणी केशरी होईल, घाबरू नका. पण नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरवा रंग फिका वाटला, तर त्याच दिवशी या. पहिली गोष्ट अप्पांना फार आवडली. केशरी डागांचा रुमाल ते आल्यागेल्याला दाखवत आणि म्हणत, “आपल्याला पॉलिश चढायलंय.” दुसरी त्यांनी ऐकलीच नाही. अप्पांच्या नजरेला काही होईल हे बाजारात कुणाला सुचलं नसतं. त्यांना तर नाहीच.

तिसऱ्या महिन्यात तूर बिघडली. म्हणजे अप्पांच्या मते. लाल माल त्यांना धुतल्यासारखा दिसे. चार दिवस ते येईल ती तूर गेल्या सालची ठरवत होते, आणि अप्पा म्हणाले म्हणून कुणी वाद घातला नाही. पाचव्या दिवशी शिरूर अनंतपाळच्या एका शेतकरी बाईंनी घातला.

“परवा मळणी करून रास केलीया, अप्पा,” त्या म्हणाल्या. “तूर न्हाई जुनी. तुमची नजर जुनी झालीय.”

अप्पा रागावले नाहीत. शेजारच्या पोत्यातली चिमूटभर पांढरी तूर त्यांनी तळहातावरच्या लाल तुरीत मिसळली आणि दाणे वेगळे करायला घेतले. बोटं मध्येच थांबली. मग सगळ्यांसमोर ते म्हणाले, “अक्का, तूर नवी हाय. चूक माझी.” चार दिवसांत ज्यांचा माल जुना ठरवला, त्या सगळ्यांना तसा निरोप धाडला. नंतर मला फोन केला.

“डॉक्टर ते दुसरं काय म्हणले होते रे?”

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी नजरेला बाधणारी एक गोळी बंद केली, बाकीच्या चालू ठेवल्या. नजर बहुतेक परत येईल, म्हणाले; किती, ते सांगता येणार नाही.

तेव्हापासून अप्पा रोज सकाळी पायरीवर ताट घेऊन बसतात. लाल-पांढरी तूर मिसळायची, एक डोळा झाकून निवडायची, मग दुसरा झाकून. आधी दोन्ही ढिगांत सरमिसळ असे. उपचार संपला, आता ढीग स्वच्छ निघतात. परवा मी म्हणालो, लाल परत आली की.

“आली,” ते म्हणाले. “पण आता वळखावी लागती.”

आडतीत ते आजही मूठ उन्हात धरतात. फक्त बोलण्याआधी माल आणणाऱ्याला विचारतात, “रास कधी केली?” पूर्वी हे ते कधीच विचारत नसत.