कौसाबाईचा पाट

“कौसाबाईची मदत बंद करा,” देशमुख साहेब म्हणाले. “ती पाट लावत नाही, याला कारण आपण आहोत.”

मी उभीच होते. बसा म्हटल्याशिवाय बसायची माझी हिंमत नव्हती.

आमच्या ट्रस्टचं मुख्य ऑफिस अमरावतीला, साहेब तिथे बसायचे. मी अकोल्याची केसवर्कर. म्हणजे मदत मागणाऱ्यांच्या घरी जायचं, विचारपूस करायची आणि साहेबांना रिपोर्ट द्यायचा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. रिपोर्ट छान जमायचा, विचारपूस जमायची नाही.

कौसाबाई जिनात कामाला होती. कापसातली सरकी वेगळी करतात, तो कारखाना. नवरा वारलेला, पदरी एक मुलगा आणि एक मुलगी. ट्रस्ट तिला ज्वारी द्यायचा आणि मुलांची फी भरायचा. विधवेने पुन्हा लग्न केलं की मदत बंद, असा नियम. त्याच जिनातला नामदेव तिच्याशी पाट लावायला, म्हणजे रीतीप्रमाणे दुसरं लग्न करायला तयार होता. तिच्या जातीत पाट चालायचा. तरी ती त्याला नुसतं थांबवून ठेवत होती.

“आपण नवऱ्याची जागा घेतली,” साहेब म्हणाले. “पोर तापाने फणफणलं तर ऑफिस उशाशी बसणार आहे का? माणसाला माणूस लागतो, बाई. ज्वारी देऊन आपण एक घर उभं राहू देत नाही.”

कॉलेजात मी याच्या उलट शिकले होते, की मदतीने घर मोडत नाही, टिकतं. पण साहेबांचं मला पटलं, आणि पटलं याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी कौसाबाईच्या घरी गेले. कसं विचारावं कळेना, म्हणून सरळ विचारलं, “मदत बंद होईल म्हणून तुम्ही पाट लावत नाही का?”

ती पदर तोंडाला लावून हसली. “ताई, जवारीपायी कोनी नवरा टाळते का? नवरा आला का जवारी बी येते.”

“मग?”

तिचं हसू गेलं. “पाट लावला का लेकरं दिराच्या घरी जाते. आमच्यात तसंच हाय. बाई जाते, लेकरं बापाच्या घराचे. तुमची जवारी हाय म्हनून मले नवऱ्यावाचून भागते. म्हनून लेकरं माह्यापाशी हाय.”

म्हणजे मदत थांबवली तर तिला पाट लावावाच लागणार, आणि मुलं जाणार. मी अमरावतीला जाऊन साहेबांना हे सांगितलं. “एक घर उभं राहील आणि एक मोडेल,” असंही म्हटलं. एवढं लांब वाक्य मी त्यांच्यासमोर प्रथमच बोलले असेन.

“मोडेल कसं? चुलता परका आहे का?” ते म्हणाले. “पण हे ऑफिसने ठरवायचं नाही. त्यांच्या माणसांनी ठरवावं. बैठक बसवायला सांगा. मी येतो.”

मूर्तिजापूरजवळ दिराचं गाव. मारुतीच्या पारावर जातीची बैठक बसली. कौसाबाई नामदेवला घेऊन आली होती आणि बायकांत खाली मान घालून बसली होती. दीर पुंडलिक म्हणाला, “लेकरं माह्या भावाचे. ते माह्याच घरी येतीन.”

साहेबांनी विचारलं, “भाऊ गेल्यापासून त्यांच्यासाठी काय पाठवलंस?”

पुंडलिक जराही ओशाळला नाही. “काहून पाठवू? तुमी देऊन रायले होते ना, साहेब!”

साहेब माझ्याकडे वळले. “ऐकलंत?” त्यांचा चेहरा उजळला होता. मदतीमुळे नातलग आपलं कर्तव्य सोडतात, हे त्यांचं मत पुंडलिकने भर पारावर सिद्ध केलं होतं.

पण सगळ्यांत वयस्क असलेले नारायणबुवा तंबाखू मळता मळता म्हणाले, “मंग ज्यानं पोसले त्याचे लेकरं. या साहेबाचे म्हना.”

पार हसला. साहेब गडबडले. “आमचे कसे?”

“तुमचे नाही, तं मायचे. पन याचे नाही.”

त्यावर कोणी वाद घातला नाही. पाट लागावा, मुलं आईजवळ राहावीत, बापाच्या शेतातला मुलाचा वाटा कायम राहावा, असं ठरलं. तेव्हा कौसाबाईने मान वर केली आणि सगळ्यांसमोर नामदेवला विचारलं, “लेकरांसंग नेशीन काय मले?”

“म्या कवा नाही म्हटलं?” नामदेव म्हणाला. “तू पुसलंच नाही!”

मूर्तिजापूरच्या स्टँडवर साहेब म्हणाले, “पाहिलंत? मदतीने चुलत्याची जबाबदारी मारली.”

“मदत नसती तर चुलत्याने मुलं केव्हाच नेली असती, सर,” मी म्हटलं.

अमरावतीची बस आली. पायरीवरून ते म्हणाले, “तेही खरं. पण पाट लागला की ज्वारी बंद.”

पाट लागला आणि ज्वारी बंद झाली. मुलं आईजवळच आहेत.

ट्रस्टच्या सभेत साहेब ही केस आपल्या मताचा पुरावा म्हणून सांगतात. ट्रेनिंगला येणाऱ्या मुलींना मी हीच केस उलट मताचा पुरावा म्हणून सांगते. दोघांपैकी कोणीच खोटं काही सांगत नाही. एका केसवरून नियम करू पाहणाऱ्यांवर त्यामुळे माझा विश्वास उरलेला नाही, आणि त्यांत मीही आले.