गावागणिक टेबलस्पेस

"दुपारपर्यंत तोडीच्या चिठ्ठ्या निघाल्या नाहीत, तर या मशीनवर चादर घाला. उद्यापासून पुन्हा हातानं लिहू," जीएम साहेब म्हणाले आणि खरोखरच एक चादर माझ्या टेबलावर ठेवून गेले.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. भालकीकडच्या एका साखर कारखान्यात मी ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. कुणाचा ऊस कधी तोडायचा, ते चिठ्ठीवर ठरतं. हातानं लिहिताना ओळखीच्यांचा नंबर आधी लागायचा. ते बंद व्हावं म्हणून मी भांडून हे मशीन आणलं होतं. त्यामुळे ती चादर मला भलतीच झोंबली.

प्रोग्रॅम उसाच्या लागणीच्या तारखेप्रमाणे सगळ्या नोंदी सॉर्ट करायचा, म्हणजे क्रमानं लावायचा, आणि मध्येच थांबायचा. जागा संपली, म्हणायचा. डेटाबेसमधल्या प्रत्येक वस्तूला डिस्कवर जागा नेमून द्यावी लागते. त्या जागेचं नाव टेबलस्पेस. मशीन बसवणाऱ्यांनी घाईत एकच टेबलस्पेस करून त्यात सगळं कोंबलं होतं. नोंदींची टेबलं तिथेच, नोंद चटकन सापडावी म्हणून केलेले इंडेक्सही तिथेच, आणि सॉर्ट करताना लागणारी तात्पुरती मोकळी जागाही तिथेच. शेजारी दुसरी डिस्क रिकामी बसलेली!

ती उघडायला संगणक समितीच्या प्रमुखांचा होकार लागे. प्रमुख म्हणजे आमचे डायरेक्टर संगप्पाअण्णा. कॉम्प्युटरला त्यांनी हात लावला होता तो फक्त पूजेच्या दिवशी, हळदकुंकू वाहताना. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे येगयेगळ्या जागा करायलीस व्हय?" अण्णा खुर्चीत सावरून बसले. "कर की. पण आमच्या गावाला येगळी जागा दे. जरा मोठी."

"अण्णा, जागा गावाप्रमाणे नाही करायची. कामाप्रमाणे करायची."

"कामून? दुसऱ्या गावाचा ऊस आमच्या जागेत कामून घुसावा?"

मी कपाळावर हात मारून घेणार होते, तेवढ्यात खिडकीतून गाडीतळ दिसला. उसाची वाहनं जिथे नंबरासाठी थांबतात ती जागा.

"अण्णा, तळावर गावाप्रमाणे रांगा आहेत का?"

"न्हाई. पयले होत्या. ट्रकमागं बैलगाडी, बैलगाडीमागं ट्रॅक्टर. भोंगा वाजला की बैलं बुजायची. एका गावाची रांग रस्त्यावर, दुसऱ्याची जागा मोकळी. मीच मोडलं ते. आता बैलगाड्या येगळ्या, ट्रका येगळ्या."

"मग मी दुसरं काय म्हणतेय?"

अण्णांनी तळाकडे बघितलं, मग मशीनकडे. "असं व्हय! मग उघड की, अक्का. बसलीस कामून?"

टेबलं होती तिथेच ठेवली. दुसऱ्या डिस्कवर दोन नव्या टेबलस्पेस केल्या. एकीत इंडेक्स नव्यानं बांधले, दुसरी फक्त सॉर्टसाठी मोकळी सोडली. प्रोग्रॅम सुरू केला आणि देवाचं नाव घेतलं.

कारखान्याच्या दुपारच्या भोंग्याआधी प्रिंटर खडखडायला लागला. मला नाचावंसं वाटत होतं. अण्णांनी मात्र पहिला कागद फाडून घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आमचं गाव तिसरं?"

"ज्यांची लागण आधी, त्यांची तोड आधी."

अण्णांनी कागदावरच्या तारखांवरून बोट फिरवलं. "बराबर हाय," ते शेवटी म्हणाले. "पर हे गावात येऊन तूच सांग."

टेबल, इंडेक्स आणि सॉर्ट यांना आपापली जागा दिली की ती कुरकुर करत नाहीत. माणसांचं तसं नसतं, हे मी त्यांच्या गावी जाऊन आल्यावर ठामपणे सांगू शकते. चादर मात्र मी साहेबांना परत दिली नाही. चिठ्ठ्या निघाल्या त्या दुपारी आम्ही सगळे तीच अंथरून जेवायला बसलो.