तीन विहिरींची नावं

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत प्राथमिक शाळेत शिकवत होते. नवरा मुंबईला नोकरीला. आठवड्यातून दोनदा, शाळा सुटली की, मी एका निवृत्त हेडमास्तरांकडे लिहायला जायची. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले. डोळ्यांत मोतीबिंदू झालेला, मुलगा इस्रायलला बैर-शेबा गावी. तिथल्या नातवंडांची मराठी सुटत चालली, म्हणून त्यांच्या धर्मशास्त्रातल्या गावांच्या नावांचे अर्थ त्यांना मराठीत लिहून पाठवायचे, असं गुरुजींनी मनावर घेतलं होतं. नावं मुलांना ठाऊकच होती, त्यांच्या आधाराने आपले चार शब्द टिकतील एवढीच त्यांची आशा. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. बेथेल म्हणजे देवाचं घर. ते सांगायचे, मी वहीत उतरवायची.

त्या वर्षी मी फार दमले होते. सामाईक विहिरीवरून थोरल्या दिरांशी चार वर्षं दावा चालू होता. नवऱ्याला सुट्टी मिळत नसे, त्यामुळे रजा टाकून कोर्टाच्या बाकावर मीच बसायची आणि पुढची तारीख घेऊन परतायची. जाऊबाईंशी बोलणं तर कधीच बंद झालं होतं.

अशाच एका तारखेहून मी थेट गुरुजींकडे गेले. त्या दिवशी विहिरींची नावं होती. कळप घेऊन फिरणाऱ्या एका माणसाने विहीर खणली, तर तिथल्या गुराख्यांनी पाणी आमचं म्हणून तंटा केला. तिला त्याने नाव दिलं एसेक, भांडण. दुसरी खणली, तिच्यावरूनही तेच. ती सिटना, वैर. गुरुजी म्हणाले, हा शब्द सैतानाच्या कुळातला. सैतान म्हणजे मुळात विरोधात उभा राहून आरोप करणारा.

"कोर्टात समोर असतो तो?" मी विचारलं.

"तोच. पण समोरच्याला आपणही तसेच दिसतो, बाई."

मला पुढे लिहवेना. मग गुरुजी सावकाश म्हणाले, तो माणूस तिथूनही उठला आणि त्याने तिसरी विहीर खणली. तिच्यावरून कोणी भांडलं नाही. रहोबोथ, मोकळी जागा.

"पण पहिल्या विहिरीवर त्याचा हक्क होता ना?"

"होता. शास्त्रात लिहिलेलं नाही, पण तो दमला असावा."

शिमग्याला नवरा आला तेव्हा मी हे सगळं त्याला सांगितलं. आधी तो चिडला, एवढी वर्षं फुकट घालवायची का म्हणाला. दुसऱ्या दिवशी आपणहून बोलला, मलाही नकोसं झालंय. आम्ही दावा मागे घेतला आणि खालच्या कोपऱ्यात, कातळ फोडून, दुसरी विहीर खणायला घेतली. पाणी लागलं, बेताचंच. जाऊबाई बघायला आल्या नाहीत.

गुरुजी पावसाआधी मुलाकडे गेले, अर्धीच भरलेली वही बरोबर घेऊन. त्या मे महिन्यात कितीतरी वर्षांनी मी दुपारची गाढ झोपले.