माझ्या भाताला टाळ्या

भुकेपुढे सगळी माणसं समान असतात.

हे वाक्य माझं. मी लिहिलं, माझ्या शिकवणीतल्या नववीच्या मुलीने पाठ केलं आणि मीरा रोडच्या तिच्या टॉवरमधल्या क्लबहाऊसमध्ये एसीच्या गारव्यात म्हणून दाखवलं. सोसायटीची मराठी भाषणस्पर्धा होती. विषय अन्नसुरक्षा. विषय प्रमुख पाहुण्यांनी सुचवलेला. प्रमुख पाहुणे म्हणजे मुलीचे वडील, तांदळाचे निर्यातदार. बक्षिसंही त्यांचीच.

मी शेवटच्या रांगेत बसून ओठ हलवत होते. भाषण संपलं. म्हणजे मी लिहिलेलं संपलं. मुलगी बोलतच राहिली.

"आणि हे फक्त पुस्तकात नाहीये. माझ्या स्वतःच्या टीचर रेशनचा तांदूळ खातात. टीचर, प्लीज उभ्या राहा."

मी उभी राहिले. का, ते अजून कळलेलं नाही. शाळेपासूनची सवय असावी. कुणी उभं राहा म्हटलं की आमची माणसं आधी उभी राहतात, मग कारण विचारतात.

टाळ्या पडल्या. भात खाण्याबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदाच टाळ्या मिळत होत्या.

तिला हे कळलं होतं माझ्याकडूनच. अन्नसुरक्षेचा धडा शिकवताना तिने विचारलं होतं, "टीचर, प्राधान्य कुटुंब म्हणजे कोण?" मी म्हटलं, "आम्ही. केशरी कार्ड, दर महिन्याला रेशनचा तांदूळ." उदाहरण दिलं की मुलांच्या लक्षात राहतं. राहिलं.

तिची आई माइकवर आली. "आओ ना टीचर, ऊपर आओ! शरमाना क्या, अपने ही लोग हैं."

अपने लोग मान वळवून बघत होते. नेहमी लिफ्टमध्ये मोबाइलमधून डोकं वर न काढणारी एक बाई माझ्याकडे पाहून इतकं गोड हसली, की मी नजर वळवली. राग नव्हता तो. राग बरा असतो, त्यात आपली थोडी तरी इज्जत असते. ही किळस होती. अंगावर कुणाचा तरी ओला हात फिरावा तशी.

मी वर गेले, कारण चार शिकवण्या त्याच टॉवरमधल्या होत्या. माझे वडील भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारून, त्या धुळीने छाती धरून घरी बसलेले. रेशन सोडून आमच्या घरात जे काही येतं, ते या चार दारांतून.

तिच्या वडिलांनी, शेठनी, माझ्या हातात बासमतीची पिशवी ठेवली. त्यांच्या कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत.

"ये खाके देखो टीचर. वो गोदाम का माल अब मत खाना. हम तो दुनिया की भूख मिटाते हैं, आप तो घर की हो."

फोटोवाला म्हणाला, "मॅडम, पिशवी जरा वर. नाव झाकलं जातंय."

माझा चेहरा झाकला असता तर त्याची हरकत नव्हती.

तेव्हा मला कणी आठवली. सरकारने तुकडा तांदळाची निर्यात बंद केली होती, त्याबद्दल मी या मुलीला शिकवलं होतं. देशात धान्य कमी पडू नये म्हणून, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "हो, पप्पांची कणी बंदरात अडकली होती ना. मग पप्पांनी ती दारूच्या फॅक्टरीला दिली. रेट मस्त मिळाला." आमच्याकडे रत्नागिरीत आजारी माणसाला कणीची पेज देतात. जगात तिला इतकी मागणी आहे, हे मला माहीत नव्हतं.

मी पिशवी शेठच्या पायाशी ठेवली आणि माइक ओढला.

"शेठ, तुमची कणी अडकली तेव्हा तुम्ही ती दारूच्या कारखान्याला विकलीत. तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग माझ्या भाताला कशाला?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलीची आई दबक्या आवाजात म्हणाली, "टीचर! बच्ची के सामने?"

"बच्चीच्याच समोर."

मुलगी पांढरीफटक झाली होती. तिचा राग नाही मला. सन्मान आणि तमाशा यातला फरक तिला कुणी शिकवला नव्हता. तो धड्यात नाही.

घरी सगळं सांगितलं. आई पदराला हात पुसत म्हणाली, "अगो, पण बासमती होता ना? पिशवी तरी घेवन यायची. मग काय तें बोलायचं."

ती चेष्टा करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी चारही मुलांच्या आयांना व्हॉट्सॲपवर कळवलं. यापुढे मी टॉवरमध्ये शिकवायला येणार नाही. ज्याला शिकायचंय त्याने गोडदेवला आमच्या खोलीवर यावं. चप्पल दाराबाहेर काढावी. सतरंजीवर बसावं. बाजूला कुकर लागलेला असेल, त्यात रेशनचा तांदूळ असेल, त्यावर चर्चा होणार नाही. फी तीच. मी पुन्हा कुणाच्या सांगण्यावरून उभी राहणार नाही.

तिघींच्या निळ्या टिक उमटल्या, एवढंच.

चौथीने विचारलं, तिथे पार्किंग मिळतं का.