वडगावच्या गच्चीवरून आकाशगंगा

दौंडच्या डॉक्टरांनी माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय असं सांगितलं, त्याला सहा महिने झाले. भीतीपोटी मी ऑपरेशन टाळत होतो. भाऊबीजेला बायकोच्या माहेरी, वडगाव रासाईला जायचं ठरलं तेव्हा तिनं पैज लावली. "तिथं अंधारात आकाशगंगा दिसती. तुम्हांला दिसली तर ऑपरेशनचं नाव काढणार न्हाई. न्हाई दिसली तर गुमान दवाखान्यात चलायचं."

मी हो म्हणालो. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण एवढा मोठा पट्टा तर दिसेलच, असं वाटलं.

आमच्या खुटबावहून चौफुला, केडगाव, पारगाव असा रस्ता आहे. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा तासभर जास्तीचा धरा. पुढे उसाच्या ट्रॉल्या लागतात. मी दर ट्रॉलीला भीतीनं डोळे मिटत होतो. पारगावात गरम भजी खाल्ली. मिरची वेगळी मागून घ्या. भीमेच्या पुलावर मी म्हणालो, "ढग येतील वाटतं."

"येतील की," बायको म्हणाली. "तुम्ही नवसच बोलला असाल."

मेहुणे आप्पा निवृत्त शिक्षक, मळ्यात राहतात. ओवाळणं झालं, चंद्रकोर मावळली, तसा त्यांनी घराचा मेन स्विच बंद केला आणि आम्हांला गच्चीवर नेलं.

"इथं बिबट्या येतो का?" मी विचारलं.

"येतो की, दाजी. पर आधी चहा घेतो."

वीस मिनिटं मोबाईल बघायचा नाही, नाहीतर डोळे अंधाराला सरावत नाहीत. मग आप्पा सांगू लागले. "आपली आकाशगंगा फुगलेल्या भाकरीवानी हाय. मधी फुगीर, कडंला पातळ. तारे म्हंजी तिच्यातले तीळ. आपला सूर्य मधल्या फुगवट्यापासनं लांबचा एक तीळ. आपण भाकरीच्या आतनंच बघतो. कडेकडं बघितलं की तिळामागं तीळ, म्हणून पट्टा दिसतो. वरखाली बघितलं की तीळ इरळ, तुरळक. दिसला का पट्टा?"

"हा काय, पांढरा!" मी बोट दाखवलं.

"त्यो गुऱ्हाळाच्या भट्टीचा धूर हाय, दाजी."

बायको खुदकन हसली. आप्पा पुढे म्हणाले, "पट्ट्याच्या मधोमध काळी चीर हाय. तिथं तारे न्हाईत असं न्हाई. मधी धूळ आलीय, ती मागचा उजेड अडवती."

"म्हंजी तिलाबी मोतीबिंदू झालाय!" बायको म्हणाली. "पर तिचं ऑपरेशन कोण करणार?"

सगळे हसले, मीही हसलो. मग म्हणालो, "मला काहीच दिसत नाही. दोन-चार मोठ्या चांदण्या, त्याही पिंजलेल्या कापसासारख्या."

"ठावं हाय," ती म्हणाली. "जिन्यात माझा खांदा धरला, तवाच कळलं."

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं परतलो. घरी येऊन दवाखान्याला फोन मीच केला. मंगळवारी बोलावलंय. रात्री झोप लागत नाही. ऑपरेशन बिघडलं तर, हे मनातून जात नाही.

पण आप्पांची एक गोष्ट मनात राहिली. त्या पट्ट्यातला बराचसा उजेड हजारो वर्षांपूर्वी निघालाय. एवढं चालून तो वडगावच्या गच्चीवर आला आणि माझ्या डोळ्यांच्या दारात ताटकळला. पाहुण्याला इतका वेळ बाहेर उभं ठेवणं बरं नव्हे.